किती दिवस झाले? गर्भपात, ख्रिस्ती धर्म आणि इस्लाम

(ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहून काढलाय. बोलताना आलेले ‘ॲक्च्युअली’ आणि ‘बेसिकली’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे. विषय गर्भपाताचा आहे. कोणाला आत्ता हे वाचणं जड जाणार असेल तर हा एपिसोड खुशाल सोडा, पुढच्या वेळी भेटू.)

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय लोकलमध्ये स्पीकरवर लावून ऐकण्यासारखा नाहीये, म्हणून विचारलं.

सुरुवात एका फोनपासून करतो. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजलेले. फोन आला तो माझ्या आधीच्या टीममधल्या एका मैत्रिणीचा. तिचं नाव सांगणार नाही, गावही नाही, आणि हे सगळं तिला विचारूनच सांगतोय. ती मुस्लिम आहे, लग्नाला तीन वर्षं झालेली, पहिलंच बाळ. म्हणाली, “अरे, एक हिशोब करून दे. माझं डोकं चालत नाहीये.”

दुपारी सोनोग्राफी झाली होती. बाळाच्या डोक्याची कवटी तयारच झालेली नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की असं बाळ जन्माला आलं तरी काही तास, फार तर काही दिवस. रिपोर्टवर लिहिलं होतं, १७ आठवडे ३ दिवस. घरी सासूबाईंनी गुणाकार केला. सतरा साते एकशे एकोणीस, अधिक तीन, म्हणजे १२२. आणि त्या रडत म्हणाल्या, “१२० दिवस होऊन गेले गं. आता बाळात रूह आली. आता काही करता येणार नाही.”

मला तेव्हा हा १२० आकडा काय आहे तेच माहीत नव्हतं. पण १७ आठवडे म्हणजे नक्की कुठल्या दिवसापासून, हे मी शोधलं. आणि तिथे एक गोष्ट सापडली. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ प्रत्यक्षात राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे डॉक्टरांच्या हिशोबात पहिले १४ दिवस गर्भ नसतोच! धर्मातले १२० दिवस मात्र गर्भ राहिल्यापासूनचे. दोन सिस्टिम, दोन्हीचा काउंटर वेगवेगळ्या दिवशी शून्यावर. १२२ वजा १४, म्हणजे १०८.

मी म्हटलं, “१०८ झालेत. अजून १२ दिवस आहेत.” फोनवर बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे सासरे रिपोर्ट घेऊन मुफ्तीसाहेबांकडे गेले. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. किती दिवस झाले? आणि डॉक्टर काय म्हणतात? पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

त्या रात्रीनंतर मी वाचायला बसलो. कारण खरं सांगू का, माझ्या डोक्यात एक रेडीमेड चित्र होतं. ख्रिस्ती लोकांचा गर्भपाताला पूर्ण विरोध, मुस्लिमांचा त्याहून कडक, विषय संपला. व्हॉट्सॲपवर तेवढंच येतं. वाचल्यावर कळलं की दोन्हीकडे शेकडो वर्षं लोक याच प्रश्नावर डोकं लावून बसलेत, आणि त्यांच्यात आपापसातच केवढे मतभेद आहेत.

इस्लाममध्ये: ४०, ८०, १२०

आधी १२० चं बघू. कुराणात गर्भाच्या वाढीचे टप्पे सांगितलेत. आधी थेंब, मग चिकटून राहणारा गोळा, मग मांसाचा तुकडा, मग हाडं, त्यावर मांस, आणि शेवटी ‘एक वेगळीच निर्मिती’. हे तेविसाव्या सुऱ्यात येतं. पण तिथे दिवस दिलेले नाहीत. दिवस येतात हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमुख संग्रहांमध्ये ती हदीस आहे. ४० दिवसांचा एक टप्पा, असे तीन, आणि मग फरिश्ता येऊन रूह फुंकतो. ४० गुणिले ३, १२०.

आता यावरून कायदा काय काढायचा? इथे चार मजहब चार दिशांना गेले. हनफी पंथातल्या बऱ्याच जुन्या विद्वानांनी १२० दिवसांच्या आधी, योग्य कारण असेल तर, परवानगी दिली. कारण म्हणजे काय, तर एक उदाहरण त्यांच्या जुन्या ग्रंथांत येतं. अंगावर पिणारं बाळ आहे, आईला पुन्हा दिवस गेले, दूध आटलं, आणि दाई ठेवायला बापाकडे पैसे नाहीत. विचार करा, शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी पुस्तकात ही अडचण नोंदवून ठेवली होती. आपल्याकडचे बहुतेक मुस्लिम हनफीच आहेत. आपल्या कोकणातले मुसलमान मात्र परंपरेने शाफई. शाफई आणि हंबली पंथांत कोणी ४० दिवस म्हणतं, कोणी १२०. आणि मालिकी सगळ्यात कडक, गर्भ एकदा राहिला की हात लावायचा नाही, असं त्यांचं प्रमुख मत.

बाराव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेले इमाम गझाली, खूप मोठं नाव, त्यांचं म्हणणं मधलं होतं. गर्भ राहू नये म्हणून काळजी घेणं वेगळं आणि राहिलेला गर्भ पाडणं वेगळं. दुसरा गुन्हाच आहे, पण तो टप्प्याटप्प्याने वाढत जातो. सुरुवातीला कमी, रूह आल्यावर जास्त, जन्मानंतर सगळ्यात जास्त.

एका गोष्टीवर मात्र जवळपास एकमत आहे. १२० दिवसांनंतर गर्भपात नाही, अपवाद फक्त आईच्या जिवाला धोका असेल तेव्हाचा. त्यामागचं लॉजिकही साधं आहे. आई हे मूळ, बाळ ही फांदी. फांदी वाचवायला मूळ तोडत नाहीत.

आणि हे सगळं जुन्या पुस्तकांतच राहिलं असंही नाही. १९९० मध्ये मक्केत, मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिकह परिषदेने ठराव केला की गर्भात गंभीर, बरा न होणारा दोष आहे असं भरवशाच्या डॉक्टरांच्या समितीने सांगितलं, आणि आईवडिलांची इच्छा असली, तर १२० दिवसांच्या आत गर्भपात चालेल. मुफ्तीसाहेबांनी ते दोन प्रश्न का विचारले, ते आता लक्षात आलं ना?

देशांचे कायदे बघितले तर अजून गंमत. ट्युनिशियाने १९७३ मध्ये पहिल्या तीन महिन्यांत बाईच्या मागणीवरून गर्भपाताला परवानगी दिली. तिथे परंपरा कुठली? मालिकी! सगळ्यात कडक म्हणालो तीच. आणि ज्या फ्रान्सचं तिथे राज्य होतं, त्या फ्रान्समध्ये असा कायदा आला १९७५ ला. तुर्कस्तानात १९८३ पासून १० आठवड्यांपर्यंत परवानगी आहे, पण बाई विवाहित असेल तर नवऱ्याची संमती लागते. २०१२ मध्ये एर्दोगान यांनी गर्भपाताला सरळ खून म्हटलं, कायदा आवळायचा प्रयत्न झाला, पण १० आठवडे तसेच राहिले. इराणने २००५ च्या कायद्यात गर्भात दोष असेल किंवा आईच्या जिवाला धोका असेल तर रूह येण्याआधी, म्हणजे चार महिन्यांच्या आत, परवानगी दिली. २०२१ मध्ये लोकसंख्या वाढवायची म्हणून तिथेच पुन्हा नियम घट्ट केले. हदीस तीच, कुराण तेच. बदललं ते सरकारला त्या वर्षी किती मुलं हवी आहेत ते.

चर्चमध्ये: एक भाषांतर आणि तीन पोप

आता ख्रिस्ती बाजू. इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ख्रिस्ती परंपरेने गर्भपात चांगला किंवा चालण्यासारखा असं सुरुवातीपासून कधी म्हटलेलं नाही. ‘डिडाखे’ नावाचं अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचं नियमपुस्तक आहे, त्यातही स्पष्ट मनाई आहे. वाद होता तो वेगळा. हे पाप आहे की खून आहे, आणि कधीपासून?

हा वाद अर्धा एका भाषांतरातून आला. बायबलमध्ये ‘निर्गम’ नावाचं पुस्तक आहे, त्याच्या २१ व्या अध्यायात एक केस आहे. दोन माणसं मारामारी करतायत, मध्ये गरोदर बाईला धक्का लागतो आणि तिचा गर्भ पडतो. मूळ हिब्रूत आहे की बाकी इजा झाली नाही तर दंड, आणि इजा झाली तर जिवाला जीव. यातली इजा म्हणजे बाईला झालेली, असं ज्यूंनी वाचलं. पण याचं जुनं ग्रीक भाषांतर झालं त्यात अर्थ बदलला. गर्भाला आकार आला नसेल तर दंड, आकार आला असेल तर जिवाला जीव! सुरुवातीचे ख्रिस्ती विद्वान प्रामुख्याने ग्रीक, किंवा ग्रीकवरून केलेलं लॅटिन वाचत होते. त्यामुळे ‘आकार आलेला’ आणि ‘न आलेला’ हा फरक थेट चर्चच्या विचारात शिरला. संत ऑगस्टीन यांनी तो मानला. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी त्यात ॲरिस्टॉटल जोडला, आणि ॲरिस्टॉटलचा हिशोब असा की मुलाचा गर्भ ४० दिवसांत तयार होतो, मुलीचा ९० दिवसांत. (हो, मुलींना तिथेही लाइनमध्ये मागे उभं केलंय.)

४० चा आकडा इथेही आला, बघा. दोघांनाही लवकरचा गर्भपात गंभीर पापच वाटत होता. पण खून म्हणायचा तर आत्मा आलेला हवा, अशी ती मांडणी.

मग पोपचे तीन निर्णय झाले. १५८८ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे म्हणाले, फरक बंद, कुठल्याही टप्प्यावरच्या गर्भपाताला सारखीच कडक शिक्षा, धर्मबहिष्कार. तीनच वर्षांनी, १५९१ ला, पोप ग्रेगरी चौदावे यांनी ते बरंचसं मागे घेतलं आणि फरक परत आणला. तो पुढे पावणेतीनशे वर्षं चालला. १८६९ मध्ये पोप पायस नववे यांनी तो पुन्हा काढला, आणि तेव्हापासून कॅथलिक चर्चची भूमिका आज आपण ऐकतो तीच आहे. गर्भ राहिल्या क्षणापासून ते माणसाचं आयुष्य, आणि ते मुद्दाम संपवायचं नाही. १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हे पुन्हा ठासून सांगितलं.

प्रोटेस्टंट लोकांचं तर आणखी वेगळं. आज अमेरिकेत गर्भपाताच्या विरोधात सगळ्यात पुढे जे असतात त्यात सदर्न बॅप्टिस्ट आहेत. पण १९७१ मध्ये त्यांच्याच अधिवेशनाने ठराव केला होता की बलात्कार, गर्भातला गंभीर दोष, आईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका, अशा वेळी गर्भपाताची मुभा देणारा कायदा असावा. १९८० पर्यंत भूमिका पूर्ण फिरली, आणि २००३ मध्ये त्यांनी त्या जुन्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. म्हणजे ‘आम्ही कायम हेच म्हणत आलोय’ असं कोणी म्हणालं, तर जरा इतिहास बघून घ्यावा.

आता म्हणाल, ही सगळी पंडितांची भांडणं, आपल्याला काय? म्हणून आयर्लंडला जाऊ.

गॉलवेमधला एक आठवडा

सविता हलप्पनवार. तुमच्यापैकी काहींना नाव आठवत असेल. मूळची आपल्या बेळगावची, डेंटिस्ट, ३१ वर्षांची, नवऱ्याबरोबर आयर्लंडमधल्या गॉलवेत राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये, १७ आठवड्यांची गरोदर असताना, ती तिथल्या रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. सविताने गर्भपात करा म्हणून विनंती केली. नाही म्हणून सांगण्यात आलं, कारण बाळाचे ठोके चालू होते. तिथल्या एका सिस्टरने तिला सांगितलं होतं की हा कॅथलिक देश आहे. पुढे चौकशीत त्या सिस्टरने ते मान्यही केलं. २८ ऑक्टोबरला सविता रक्तातल्या जंतुसंसर्गाने गेली.

इथे मला प्रामाणिक राहायचंय. चौकशीत असंही निघालं की संसर्गाची लक्षणं वेळेवर ओळखली गेली नाहीत, देखरेखीत चुका झाल्या. म्हणजे सगळा दोष धर्माच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही. आणि अजून एक. तिच्या मृत्यूनंतर आयर्लंडच्या बिशपांनीच निवेदन काढलं की आईपेक्षा बाळाचा जीव जास्त महत्त्वाचा, असं चर्चने कधीच शिकवलेलं नाही. कॅथलिक नीतिशास्त्रात खरंच तशी जागा आहे. आईला वाचवायला उपचार केले आणि त्यात, मुद्दाम न करता, गर्भ गेला, तर तो गर्भपात धरत नाहीत.

मग अडलं कुठे? १९८३ मध्ये आयर्लंडने राज्यघटनेत आठवी दुरुस्ती केली, की आईचा आणि गर्भाचा जगण्याचा हक्क समान. वाक्य ऐकायला किती छान आहे! पण आईच्या जिवाला ‘खरा धोका’ कधी सुरू झाला म्हणायचा? ताप १०० असताना की १०३ असताना? १९९२ मध्ये बलात्कार झालेल्या १४ वर्षांच्या मुलीची केस सुप्रीम कोर्टात गेली, तेव्हा कोर्टाने काही प्रमाणात उत्तर दिलं. पण त्यावर कायदा करायला संसदेने २० वर्षं लावली. सविता दाखल झाली तेव्हा डॉक्टरांसमोर स्पष्ट नियम नव्हता, आणि चुकलं तर तुरुंगाची भीती होती. शेकडो वर्षं पंडितांनी ज्या प्रश्नावर वाद घातला, अपवाद शोधले, तो प्रश्न एका वाक्यात बंद करून टाकला. आणि त्या वाक्यात न बसणारी बाई पलंगावर वाट बघत राहिली.

१९८३ मध्ये ती दुरुस्ती आली तेव्हा बाजूने मतं पडली होती जवळपास ६७ टक्के. २५ मे २०१८ ला ती काढून टाकायला मतदान झालं, तेव्हा काढण्याच्या बाजूने ६६.४ टक्के. त्याच देशाने, जवळपास तेवढ्याच बहुमताने, उलट उत्तर दिलं. त्यात रविवारी चर्चला जाणारेही होतेच.

वसईची मावशी

एक छोटी गोष्ट अजून. कॉलेजचा माझा एक मित्र वसईचा, कॅथलिक. त्याला या एपिसोडबद्दल सांगितलं तेव्हा तो त्याच्या मावशीबद्दल बोलला. तिचा तरुणपणी गर्भपात झालेला, घरच्यांनी करवलेला. त्यानंतर वर्षानुवर्षं ती दर रविवारी मिस्साला यायची, पण कम्युनियनच्या रांगेत कधी उभी राहायची नाही. का, ते कोणी विचारलं नाही.

चर्चच्या नियमाने हे पाप माफ करायचा अधिकार बिशपकडे राखीव असायचा. बऱ्याच ठिकाणी बिशप तो आपल्या फादरांना देतही असत, पण सामान्य माणसाला हे कुठे माहीत असतं? नोव्हेंबर २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो अधिकार कायमचा सगळ्या फादरांना दिला. त्याच पत्रात त्यांनी गर्भपात गंभीर पाप आहे हेही पुन्हा सांगितलं. शिकवण बदलली नाही, दार उघडलं. मावशीच्या चर्चमध्ये फादरांनी हे प्रवचनात सांगितलं. दोन आठवड्यांनी ती कन्फेशनला गेली. मित्र म्हणाला, “त्या रविवारी ती रांगेत उभी राहिली, आणि आमच्या आईला रडू आवरेना.”

मला स्वतःला त्या बाईने पाप केलं होतं असं वाटत नाही. घरच्यांनी करवलं आणि ओझं तिने वाहिलं, याचाच राग येतो. पण तिला तसं वाटत होतं. तिचं ओझं तिच्या भाषेतच उतरणार होतं, माझ्या भाषेत नाही.

तर मग?

मी निकाल द्यायला बसलेलो नाही. मी कोड लिहिणारा माणूस, ना मौलाना ना फादर, आणि ज्याचं पोट मोठं होणार नाही असा पुरुष. दोन्ही धर्मांत असे लोक आहेत ज्यांना मनापासून वाटतं की गर्भातला जीव हा सगळ्यात दुबळा जीव आहे आणि त्याच्या बाजूने कोणीतरी बोललं पाहिजे. त्यांच्या त्या भावनेची मला टिंगल करायची नाही.

पण एवढं मला नक्की दिसलं. ‘आमचा धर्म असं सांगतो’ असं जेव्हा कोणी एका वाक्यात सांगतं, तेव्हा ते वाक्य धर्मापेक्षा लहान असतं. धर्मात ४० होते, ९० होते, १२० होते. दूध आटलेली आई होती. मूळ आणि फांदी होती. एक पोप आणि त्याचं उलटं करणारा दुसरा पोप होता. घरात जेव्हा अशी वेळ येते तेव्हा ते एक वाक्य बाईच्या तोंडावर फेकण्याआधी, निदान तेवढं तरी विचारा जेवढं मुफ्तीसाहेबांनी विचारलं. किती दिवस झाले, आणि डॉक्टर काय म्हणतात. आणि तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता, तो आपण विचारू. तिला काय वाटतं?

आपल्या कायद्याबद्दलही पटकन सांगतो, कारण तेव्हा मलाही माहीत नव्हतं. १९७१ चा आपला गर्भपात कायदा आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती. २० आठवड्यांपर्यंत, कायद्यातल्या कारणांसाठी, एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २४ पर्यंत काही ठरावीक परिस्थितीत, दोन डॉक्टरांच्या मताने. गर्भात गंभीर दोष असेल तर त्यानंतरही, मेडिकल बोर्डाच्या मताने. हे आठवडे डॉक्टरांच्या हिशोबाचे, लक्षात ठेवा. आणि बाई सज्ञान असेल तर संमती फक्त तिची लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, मुफ्तीची नाही, फादरची नाही.

माझ्या मैत्रिणीला हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरीही तिला मुफ्तीसाहेबांचं उत्तर हवं होतं. मी विचारलं, कायदा तुझ्या बाजूने होता, मग का थांबलीस? ती म्हणाली, “कायद्याने मला हॉस्पिटलमधून घरी आणलं असतं. पण घरी आल्यावर अम्मींच्या शेजारी बसून नमाज पढायची होती ना.”

मुफ्तीसाहेबांनी रिपोर्ट पाहून सांगितलं की अशा परिस्थितीत, १२० च्या आत, मुभा आहे. निर्णय तिचा. सासूबाईंनीच मग हॉस्पिटलची बॅग भरली. ११३ व्या दिवशी तिने निर्णय अमलात आणला. तारीख तिला पाठ आहे. त्या दिवशी दरवर्षी रोजा ठेवायचा, असं तिने ठरवलंय.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या घरात, ओळखीत असं काही झालं असेल आणि बोलावंसं वाटलं तर मेसेज करा, नाव वाचणार नाही. आणि कमेंटमध्ये भांडायचं असेल तर भांडा, पण जी बाई हे वाचत असेल तिला समोर बसलेली धरून लिहा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.